हार्मोनचं इंजेक्शन: तीन महिन्यांतून एकदा, पण रोजचं

प्रोस्टेटचा कॅन्सर म्हटलं की लोक ऑपरेशनचं विचारतात, रेडिएशनचं विचारतात, हार्मोनच्या इंजेक्शनचं कुणी विचारत नाही, कारण तीन महिन्यांतून एकदा जायचं, कमरेत सुई घ्यायची आणि घरी यायचं, त्यात काय विचारायचं? मला मात्र रेडिएशनपेक्षा ह्या इंजेक्शनने जास्त पिदवलंय, म्हणून लिहितोय. ज्यांचं नुकतं सुरू झालंय त्यांना उपयोग होईल.

प्रोस्टेटच्या कॅन्सरला वाढायला टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, लागतं, ते तोडलं की तो दबतो, हे चार्ल्स हगिन्सने १९४१ साली दाखवलं, पुढे १९६६ मध्ये नोबेलही मिळालं त्याला. तेव्हा त्यासाठी अंडकोषच काढायचे, आता इंजेक्शनने तेच काम होतं. मला ल्युप्रोलाइड चालू आहे. गंमत म्हणजे हे पहिल्यांदा घेतलं की सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन आधी वाढतं आणि मग पडतं, म्हणून पहिले काही आठवडे त्याचा परिणाम अडवणारी बायकॅल्युटामाइडची गोळी सोबत होती. ज्यांचा कॅन्सर मणक्यात गेलाय त्यांनी ह्या गोळीचं नक्की विचारून घ्या, त्यांना ती वाढ महागात पडू शकते. डेगारेलिक्स म्हणून दुसरं इंजेक्शन आहे त्यात ही भानगड नाही, पण ते दर महिन्याला घ्यावं लागतं आणि टोचल्या जागी दुखतं जास्त.

आता गरम वाफा. हॉट फ्लॅश म्हणतात त्याला पण नुसतं गरम होतं असं नाहीये ते. आधी छातीत काहीतरी सुरू होतं, मग मान, मग कान तापतात, कॉलर ओली होते, कपाळावरून घाम टपकायला लागतो आणि दोनचार मिनिटांत सगळं ओसरून अंगावर काटा येतो थंडीचा. दिवसा एकवेळ चालतं हो, रात्री झोपेचं खोबरं होतं. आमच्या हिने मेनोपॉजमध्ये हे सगळं भोगलेलं, त्यामुळे घरातली एक्सपर्ट तीच. मी पांघरूण भिरकावलं की म्हणते, "पंखा लावू का गोधडी देऊ ते एकदा ठरवा, मला झोपायचंय." सुती बनियन, उशाशी कोरडा बनियन आणि टॉवेल, निजायच्या आधी गरम काही प्यायचं नाही, हे तिचेच नियम. कधी वाफ येते ते कागदावर टिपायला तिनेच लावलं, त्यातून कळलं की बंद खोली आणि वाद ही माझी दोन मोठी कारणं. वाद कमी करणं जमतंय थोडंफार. तरीही फारच झालं तेव्हा डॉक्टरांनी व्हेनलाफॅक्सिनचा छोटा डोस दिला, ही गोळी मुळात डिप्रेशनची पण वाफांवरही देतात, मला फरक पडला. मनाने घ्यायची नाही आणि मनाने एकदम बंदही करायची नाही.

थकवा हे वेगळंच प्रकरण. झोप काढून जात नाही हा थकवा. ह्या इंजेक्शनने हिमोग्लोबिन थोडं उतरतं, स्नायू कमी होतात, पोट सुटतं, वजन काटा वर दाखवतो आणि मांड्या मात्र बारीक होतात, आरशात बघून आपल्यालाच विचित्र वाटतं. मला वाटायचं आराम करावा, फिजिओथेरपिस्ट बाईंनी उलट सांगितलं, चालणं तर हवंच पण वजनाचा व्यायामही हवा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, बसायचं, परत उठायचं. पहिल्यांदा मांड्या अशा थरथरल्या की बाईंनी बखोट धरलं माझं. आता रबरी बँड, भिंतीला टेकून जोर, एक दिवसाआड. थकव्यावर ह्याच्याएवढं कशानेच बरं वाटलं नाही, आणि कंटाळा येतो तो येतोच, ते खोटं कशाला सांगू.

हाडांचं तर दिसतही नाही काही. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केला तर हाडं विरळ व्हायला लागलीत असं निघालं, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी सुरू झालं. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर आधी डेंटिस्टकडे जाऊन या, दात काढायचा असेल तर आधीच काढून घ्या, कारण नंतर काढला तर जबड्याच्या हाडाचं दुखणं मागे लागू शकतं. शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी पण बघत राहावं लागतं.

आणि ते, जे कुणी बोलत नाही. इच्छाच जाते. नुसतं जमत नाही असं नाही, आठवणच येत नाही, आणि आठवण येत नाही ह्याचं वाईट वाटतं. व्हायग्रासारख्या गोळीने रक्तपुरवठा सुधारेल, इच्छा कुठून आणणार? अंडकोष लहान होतात, छाती थोडी भरते, हेही होतं. डॉक्टरांनी हे आमच्या दोघांसमोर पहिल्याच दिवशी सांगितलं ते फार बरं केलं, नाहीतर हिला वाटलं असतं मी दूर पळतोय.

मनाचंही तसंच. चष्मा सापडला नाही म्हणून मी घर डोक्यावर घेतो आणि मुलीने फोनवर नुसतं "बाबा, जेवलात का" विचारलं तर घसा दाटतो. वयाने होतंय म्हणून गप्प बसू नका एवढंच सांगेन, डॉक्टर "कसं काय" म्हणाले की आपण सवयीने "बरं आहे" म्हणतो आणि तपासणी संपते. मी आता कागदच देतो त्यांच्या हातात, त्यात चिडचिडही लिहिलेली असते, तारखेसकट, बहुतेक वेळा ती तारीख हीच सांगते.

इंजेक्शन बंद केल्यावर सगळं परत येतं का? टेस्टोस्टेरॉन परत यायला काही महिने लागतात, कुणाला वर्षही, वय जास्त असेल तर कधीकधी पूर्ण येतच नाही. म्हणून आता पीएसएसोबत (कॅन्सरवर लक्ष ठेवायची प्रोस्टेटची रक्ततपासणी) टेस्टोस्टेरॉनही लिहून घेतो रक्ताच्या चिठ्ठीवर, पीएसए खाली असेल तर तो इंजेक्शनमुळे दबलाय की इंजेक्शन उतरल्यावरही खालीच आहे, हे त्याशिवाय कळत नाही.