काकू, आता सिंगल्स सोडा

जिमखान्यावर सकाळी सहाला माझ्यासमोर बॅडमिंटन खेळतो तो पोरगा पस्तिशीचा. गेल्या जूनमध्ये त्याने माझ्या उजव्या हाताला एक क्रॉस, म्हणजे तिरका फटका, टाकला, अगदी निवांत. माझी रॅकेट फिरून खाली आली आणि मग फूल आलं. दोघंही हसलो. पाणी पिताना तो म्हणाला, "काकू, आता सिंगल्स सोडा. वयाबरोबर रिफ्लेक्स जातातच."

मी चोपन्न वर्षांची, सांगलीत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. कुणी 'जातातच' म्हटलं की किती जातात ते मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

दुसऱ्या दिवशी नववी 'ब'ला पट्टीचा प्रयोग घेतला. एकाने तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरायची, दुसऱ्याने शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, सुटली की पकडायची. पाच वेळांच्या सरासरीत वर्गातली सगळ्यात चपळ मुलगी १४ वर, मी १९ वर. मुक्तपतनाचं सूत्र फळ्यावर मांडलं. तिचे ०.१६९ सेकंद, माझे ०.१९७. म्हणजे चाळीस वर्षांत गेले ते सेकंदाचे २८ हजारांश.

एका कार्ट्याने ४ सेंटिमीटरवर पट्टी धरून वर्ग डोक्यावर घेतला. पण ४ म्हणजे ०.०९ सेकंद. शर्यतीत पिस्तुलानंतर ०.१ सेकंदाच्या आत जो निघतो त्याला फॉल्स स्टार्ट देतात, कारण ते ऐकून निघणं नव्हे, अंदाजाने निघणं. हा पट्टीकडे बघतच नव्हता, मित्राच्या चेहऱ्याकडे बघत होता. मग त्याला शिक्षा म्हणून सतराचा पाढा म्हणता म्हणता पकडायला लावलं. सातापर्यंत पोचला, पट्टी सुटली, बाकावर आपटली, आणि मग त्याची चिमूट मिटली. डोळे पट्टीवरच होते हो! मोबाइलवर 'हँड्सफ्री' बोलत गाडी हाकणाऱ्या आमच्या ह्यांना हे संध्याकाळी साग्रसंगीत सांगितलं.

दोन्ही हातांशी दोन पट्ट्या धरून कुठली सुटेल ते सांगितलं नाही, तर सगळ्यांचेच आकडे फुगले. डोंडर्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये नेमकं हेच मोजलं होतं: निवड करायची वेळ आली की मेंदू जास्त वेळ घेतो. आणि डोळे मिटून चुटकीच्या आवाजावर पकडायला सांगितलं तर आकडे उतरले. पोरांचा विश्वास बसेना. प्रकाश आवाजापेक्षा वेगवान, मग असं कसं? तर उशीर वाटेत होत नाही, डोळ्यात होतो. प्रकाश डोळ्यातल्या पडद्यावर पडल्यावर तिथे रासायनिक क्रियांची एक साखळीच चालते, तिला वेळ लागतो. कानाचं काम त्या मानाने झटपट.

तेवढ्यात वीज गेली. बाहेर आभाळ भरलेलं, वर्गात अंधारलं. तास संपायला दहा मिनिटं होती म्हणून पोरं तशीच खेळत राहिली, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आता सगळेच म्हातारे झाले." खरंच, जवळजवळ प्रत्येकाचा आकडा दोन-तीन सेंटिमीटरने वाढला होता. उजेड कमी झाला की डोळ्याचा निरोप उशिरा पोचतो.

घरी जाताना डोक्यात दुसरंच घोळत होतं. हात मंद झाला असता तर मी उशिरा पोचले असते. मी तर लवकर पोचले होते!

पुढचे आठ दिवस चुका वहीत लिहिल्या. उजवीकडे जाणाऱ्या फुलाला रॅकेट लवकर, डावीकडे जाणाऱ्याला उशिरा. रविवारी डोळे तपासले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, अजून कच्चा आहे, घाई नाही. डावा डोळा ठणठणीत.

त्या रात्री दाराच्या चौकटीला दोऱ्याने कपाटाची किल्ली टांगली आणि समोर खुर्ची टाकून तिला आडवा झोका दिला. किल्ली सरळ जाईना. उजवीकडे जाताना माझ्या बाजूने जवळून जायची, डावीकडे परतताना लांबून, जशी काही लंबगोलात फिरतेय. ह्यांना विचारलं तर म्हणे सरळ. मग मी गॉगलची उजवी काच काढून गॉगल चढवला, म्हणजे चांगला डोळा काळ्या काचेआड. किल्ली सरळ झाली! तोच गॉगल ह्यांच्या डोळ्यांवर चढवला तर ते उठून दोऱ्याला हात लावून आले, मी काही बांधलंय की काय बघायला.

ह्याचं नाव पुल्फरिख परिणाम. कार्ल पुल्फरिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये त्याचं वर्णन केलं. मोतीबिंदूमुळे माझ्या उजव्याला मिळतो तसा एका डोळ्याला उजेड कमी मिळाला की त्याचं चित्र काही हजारांश सेकंद मागे पडतं. हलती वस्तू दोन डोळ्यांना दोन जागी दिसते, आणि मेंदू त्या फरकाचा अर्थ 'जवळ' किंवा 'लांब' असा लावतो. स्वतः पुल्फरिखला एकाच डोळ्याने दिसायचं, त्यामुळे आपल्या नावाचा हा चमत्कार त्याला कधी बघता आला नाही. हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसले.

प्रत्येक मोतीबिंदूवाल्याला असं होतं असं नाही. पण चौकात आडव्या येणाऱ्या रिक्षा हल्ली एकदम अंगावर का यायच्या तेही कळलं. स्कूटी तेव्हापासून बंद.

ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत. तोवर तो एका काचेचा गॉगल लावून खेळते. आता दोन्ही डोळे उशिराच बघतात, पण बरोबर बघतात. पोरगा म्हणाला, "काकू, समुद्री चाच्यांसारख्या दिसता." परवा २१-१७ ने हरले. क्रॉस मात्र एकही सुटला नाही. जे सुटले ते सगळे मागच्या कोपऱ्यातले, आणि तिथे दोष गुडघ्याचा.