गाडी उलाळ झालीय

गेला अख्खा हिवाळा मी गॅरेजात काढला. बाहेर बर्फ, आत मी, करवत आणि प्लायवूडच्या शीट. ओहायोत गॅरेजात ठोकाठोक करणाऱ्याला कुणी वेड्यात काढत नाही. वाळव्याहून आत्याचा मात्र फोन आलाच, "सुतारकाम करायला अमेरिकेला गेलास होय रं?"

करत होतो टिअरड्रॉप ट्रेलर. कारमागं ओढायची, पाण्याच्या थेंबाच्या आकाराची झोपायची पेटी. आत उभं राहता येत नाही. स्वयंपाक मागचं झाकण उचलून, बाहेर उभं राहून करायचा. १९३०च्या दशकापासून इथले लोक असले ट्रेलर घरी बनवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तर मासिकांत त्यांचे नकाशे छापून यायचे.

माझा नकाशा प्लायवूडनंच ठरवला. शीट सांगलीत मिळते तशीच इथंही, ८ बाय ४ फूट. म्हणजे ट्रेलर ८ फूट लांब, ४ फूट रुंद, विषय संपला. दोन्ही भिंती एकावर एक आवळून एकदमच कापल्या, नाहीतर छत तिरकं बसतं. छताला ३ मिलिमीटरचा प्लाय. पुढच्या वळणावर पहिला तुकडा काडकन फुटला. दुसऱ्यावर गरम पाण्यात भिजवलेले टॉवेल टाकले आणि पट्टे रोज थोडे थोडे आवळत गेलो. तीन दिवस लागले, पण वाकला.

मे महिन्यात पहिली सफर, हॉकिंग हिल्सला. हायवेवर ताशी ५५ मैलांवर मागून कुणीतरी कारची शेपटी धरून हलवावी तसं झालं. बायकोनं सीट घट्ट धरली. वेग ४०वर आणला तेव्हा थांबलं. पुढच्या पंपावर उतरून मी टायर तपासले, नटबोल्ट तपासले, सगळं ठीक. मग उगाचच आबांना व्हिडिओ कॉल लावला.

आबांनी वीस वर्षं बैलगाडीनं कारखान्याला ऊस घातलाय. त्यांनी एवढंच विचारलं, "मागं काय भरलंयस?"

शेगडी, बर्फाचा डबा, भांडी, पंचवीस किलोची बॅटरी. स्वयंपाकघरच मागं, तर सामान दुसरीकडं कुठं जाणार?

"मग उलाळ झालीय की तुझी गाडी!"

शहरातल्यांसाठी सांगतो: मागं भार जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं, त्याला गाडी उलाळ होणं म्हणतात. पुढं जास्त झाला तर बैलांच्या माना दबतात. इथं जू म्हणजे कारमागचा गोळा, ज्यावर ट्रेलरची दांडी बसते. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार त्यावर यायला हवा. हे मी वाचलं होतं, गॅरेजात मोजलंही होतं, पण रिकाम्या ट्रेलरवर! इंजिनियर ना मी.

घरी आल्यावर सगळं भरून दांडीखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवला. ट्रेलर ४५० किलोंचा, दांडीवर जेमतेम २०. बॅटरी काढून पुढं दांडीवरच्या पेटीत बसवली, काटा पन्नासच्या आसपास गेला.

दुसऱ्या खेपेला ६० मैलांवरही शेपटी हलली नाही. फक्त सकाळी छतावरून थेंब तोंडावर पडले. दोन माणसांचा रात्रभराचा श्वास, झरोका बंद. ते आता बघायचंय. पोहे करता करता आबांना फोन लावला आणि समोरचं जंगल दाखवायला फोन फिरवला.

"झाडं राहू देत," आबा म्हणाले, "जू दाखव."