लॉग बघायच्या टूलमध्ये सर्व्हिस निवडायची सोय करताना : माझा अनुभव

आमच्या टीमचं लॉग, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लिहीत जातो त्या नोंदी, बघायचं एक कमांड-लाइन टूल आहे. प्रत्येक सर्व्हिसची (वेगळ्या चालणाऱ्या प्रोग्रॅमची) लॉग फाइल वाचायची, सगळ्या नोंदी वेळेप्रमाणे लावायच्या आणि टर्मिनलवर दाखवायच्या, एवढंच त्याचं काम. सर्व्हिसेस वाढल्या तशी त्या गर्दीत हवी ती नोंद सापडेना. मग जो तो टूलचं आउटपुट पाइपने ग्रेप या शब्द शोधणाऱ्या कमांडला देऊ लागला. पण ग्रेप ओळीपुरतं बघतो. एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम चालताना एरर, आली की सर्व्हिसचं नाव नोंदीच्या पहिल्या ओळीत असतं, खालच्या स्टॅक ट्रेसमध्ये (एरर कोडमध्ये कुठून कुठून आली ते दाखवणाऱ्या ओळींत) नसतं. म्हणजे नेमका कामाचा भाग गळायचा. शेवटच्या १०० ओळी मागितल्या तर आधी सगळ्यांच्या मिळून १०० निघायच्या आणि ग्रेप त्यातून चाळायचा. कमी नोंदी करणाऱ्या सर्व्हिसचं हाती काहीच लागत नसे. तेव्हा ही निवड टूलमध्येच असायला हवी, हे मला पटलं.

आधी इतरांनी काय केलंय ते पाहिलं. अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या डॉकर कम्पोजच्या लॉग्ज कमांडपुढे सर्व्हिसची नावं नुसती लिहिली की चालतं. लिनक्समधले सिस्टिम लॉग दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलमध्ये युनिटचा (तिथल्या सर्व्हिससारख्या घटकाचा) पर्याय हवा तितक्या वेळा देता येतो आणि त्या सगळ्या युनिट्सचे लॉग एकत्र येतात. आमच्याकडे कमांडनंतरची जागा एन्व्हायर्नमेंटच्या (सर्व्हिसेस जिथे चालतात त्या ठिकाणाच्या, उदा. टेस्टिंग किंवा प्रॉडक्शन) नावाने आधीच अडवलेली होती, म्हणून दुसरी पद्धत घेतली. कमांडचे पर्याय वाचणाऱ्या पायथनच्या आर्गपार्स लायब्ररीत त्यासाठी अपेंड ही अ‍ॅक्शन आहेच; ती दर वेळी दिलेलं नाव यादीत जोडत जाते. एकाच पर्यायापुढे अनेक नावंही घेता येतात, पण मग पाठोपाठ आलेलं एन्व्हायर्नमेंटचं नावसुद्धा सर्व्हिस म्हणून गिळलं जातं.

खरा विचार करावा लागला तो निवड कुठे करायची याचा. ओळ छापताना तपासणं सर्वांत सोपं. मी मात्र ती तपासणी पार सुरुवातीला नेली : जी सर्व्हिस मागितलेली नाही तिची फाइल उघडायचीच नाही. १०० ओळींचा हिशेब आपोआप जुळला. ज्या ओळीला वेळ नाही ती आधीच्या नोंदीचाच भाग, असं धरल्यामुळे दोन सर्व्हिसेस एकत्र बघतानाही स्टॅक ट्रेस फुटत नाही.

चुकीचं नाव दिलं तर काय, यावर टीममध्ये बरीच चर्चा झाली. काहींना रिकामं आउटपुट चालणार होतं. मला ते धोक्याचं वाटतं. रात्री काहीतरी बंद पडलेलं असताना नावात एक अक्षर चुकलं आणि पडदा कोरा राहिला, तर माणूस सर्व्हिस ठीक आहे असं समजून भलतीकडेच शोधत बसतो. त्यामुळे आता टूल थांबतं, एररच्या प्रवाहावर उपलब्ध नावं दाखवतं आणि एक्झिट कोड २ देतं (शून्य सोडून कोणताही कोड म्हणजे काम फसलं). ही नावं टूलच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमधून येतात. त्यामुळे नाव बरोबर असूनही अजून एकही नोंद नसलेली सर्व्हिस चूक ठरत नाही.

एकाच वेळी अनेक नावं जुळावीत म्हणून नावात तारा चिन्ह (*) वापरू द्यावं, अशीही एक मागणी आहे. जर्नलसीटीएल ते घेतं. पण अवतरणात न लिहिलेला तारा टूलपर्यंत पोचण्याआधीच शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्रॅम) त्याच्या जागी जुळणाऱ्या फाइल्सची नावं घालू शकतं, म्हणून तूर्त ते मी बाजूला ठेवलं आहे.