कुठला अली?

डोंबिवलीला मामाकडे गेलं की चहा येईपर्यंत एखादा मेलेला माणूस उठून जिवंत माणसाशी मारामारी करायला लागलेला असतो. वेगवेगळ्या काळांतले बॉक्सर भिडले असते तर कोण जिंकलं असतं, हा आमचा जुना वाद. मागच्या रविवारी जॅक डेम्प्सी विरुद्ध माइक टायसन होतं. डेम्प्सीला जाऊन चाळीस वर्षं उलटली, टायसन साठीच्या घरात. पण मामाच्या हॉलमध्ये दोघंही ऐन जोमात, घामाघूम, आणि रिंग म्हणजे सोफा आणि टीव्हीच्या मधली जागा.

मामाने जन्मभर बँकेत नोकरी केली. त्याने कुणाला चापट मारल्याचंही ऐकिवात नाही. पण हेवीवेट बॉक्सरांची उंची, वजन, हाताचा पल्ला हे सगळं त्याला जुन्या खातेदारांच्या सह्यांसारखं पाठ. बोलता बोलता तो उठतो, पायजमा जरा वर घेतो, गुडघे वाकवतो, हनुवटी छातीत खुपसतो आणि डावा हात कमरेपासून असा फिरवतो की पडदा हलतो. "हा बघ, जो फ्रेझरचा हूक!" गेल्या वर्षी या हूकने मामीची मनीप्लांटची बाटली पहिल्याच फेरीत आडवी केली. तेव्हापासून बाटली खिडकीत गेली आहे आणि मामी सामन्याचा रंग ओळखून कपबश्या आधीच उचलते.

तर डेम्प्सी आणि टायसन. मामाचं म्हणणं, डेम्प्सीने १९१९ साली टोलेडोला जेस विलार्डचं काय केलं ते बघ. विलार्ड साडेसहा फुटांचा, वजनाने पन्नासेक पाउंड जास्त, आणि पहिल्या फेरीत सात वेळा जमिनीवर. मी म्हटलं, मामा, तेव्हा समोरचा पडला की त्याच्या डोक्याशीच उभं राहायची मुभा होती. गुडघा जमिनीवरून सुटला की दे ठोसा! आता दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं लागतं. टायसनच्या काळात डेम्प्सी असा वागला असता तर पंचांनी त्याला घरी पाठवलं असतं. यावर मामाने टायसनलाच १९१५ च्या हवानात नेऊन सोडलं. तिथे जॅक जॉन्सन आणि विलार्डची लढत पंचेचाळीस फेऱ्यांची ठरली होती आणि भर उन्हात सव्विसाव्या फेरीत संपली. "तुझा टायसन सव्विसाव्या फेरीत कुठे असेल?" मला तो स्टुलावर दिसला, डोक्यावर बर्फाची पिशवी घेतलेला. मी गप्प बसलो.

मामा मार्सियानोवाला, म्हणजे पन्नासच्या दशकातल्या विजेत्या रॉकी मार्सियानोचा भक्त. एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास विजय. "एक रुपयाची थकबाकी नाही," हे त्याचं शेवटचं वाक्य. मी मुहम्मद अलीवाला, आणि माझा अली यूट्यूबवरचा. मार्सियानोचं वजन १८५ पाउंडांच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबाने तो हेवीवेटच नाही, २०० च्या आतल्या क्रूझरवेट गटात जाईल. हा मुद्दा मी अनेक वर्षं हुकमाच्या एक्क्यासारखा वापरला. मग २०२४ च्या मे महिन्यात रियाधला, त्याच क्रूझरवेटमधून वर आलेल्या युक्रेनच्या उसिकने जवळजवळ चाळीस पाउंडांनी जड असलेल्या ब्रिटनच्या टायसन फ्यूरीला (हा वेगळा टायसन) हरवलं. त्या रात्री मामाचा फोन आला. उचलला तर नुसता हसण्याचा आवाज.

खरं तर हिशेबाने या वादाचा निकाल लागतच नाही, आणि हे बँकेतल्या माणसाला कळायला हवं. ज्यांच्या लढती खरोखर झाल्या त्यांचाच हिशेब बघा. फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवलं. फोरमनने १९७३ मध्ये त्या फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. म्हणजे फोरमनपुढे अलीचं काही खरं नाही, बरोबर? त्यात केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडलेला, आणि फोरमनने त्या नॉर्टनलाही दोन फेऱ्यांत गुंडाळलेलं. १९७४ च्या ऑक्टोबरात किन्शासामध्ये अली दोरांना पाठ टेकून उभा राहिला, फोरमनला दमेपर्यंत मारू दिलं आणि आठव्या फेरीत झोपवलं. एकाच काळातली माणसं, एकमेकांना चांगली ओळखणारी, तरी बेरीज चुकली. मग पन्नास वर्षांचं अंतर असलेल्यांची कशी जुळणार?

आणि वेगवेगळ्या काळांतले बॉक्सर एकमेकांना भेटतच नाहीत असंही नाही. भेटतात, पण नको त्या वेळी. १९५१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला सदतीस वर्षांचा जो लुई तरुण मार्सियानोपुढे उभा राहिला. लुईने पंचवीस वेळा किताब राखला होता. मार्सियानो लहानपणापासून त्याचा भक्त. आठव्या फेरीत त्याने आपल्या देवाला दोरांमधून बाहेर फेकलं आणि नंतर त्याच्या खोलीत जाऊन रडला, असं सांगतात. १९८० मध्ये लॅरी होम्सने अलीला मारलं. हा होम्स एके काळी अलीचा सरावातला पोरगा. आठ वर्षांनी टायसनने होम्सला मारलं. प्रत्येक पिढी पुढच्या पिढीशी लढलीच आहे, फक्त एकाचे पाय गेल्यावर. मी आणि मामा रविवारी बसून ते पाय परत लावत असतो.

हे काम एकदा कॉम्प्युटरलाही दिलं होतं. १९६७ मध्ये मरे वोरोनर नावाच्या मायामीच्या माणसाने सगळ्या काळांतल्या हेवीवेटांची माहिती यंत्रात भरून त्यांच्या लढती रेडिओवर लावल्या. त्यात मार्सियानो पहिला आला. अलीला मात्र जिम जेफ्रीजने हरवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा तो बॉक्सर! अली चिडला, त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. मिटवामिटवीत ठरलं की अली आणि मार्सियानो यांची खोटी लढत कॅमेऱ्यासमोर करायची आणि निकाल कॉम्प्युटरवर सोडायचा. १९६९ ची गोष्ट. व्हिएतनामला जायला नकार दिल्यामुळे अलीला रिंग बंद होती, मार्सियानोला रिंग सोडून तेरा वर्षं झालेली. त्याने वजन खूप उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला, आणि मायामीच्या स्टुडिओत दोघांनी एकेक मिनिटाच्या सत्तरेक फेऱ्या खेळल्या. शेवट वेगवेगळे चित्रित केले. चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत, ३१ ऑगस्टला, मार्सियानो विमान अपघातात गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा सेहेचाळिसावा वाढदिवस होता. लढत पडद्यावर आली जानेवारी १९७० मध्ये.

मागच्या रविवारी मी मामाला मोबाइलवर त्यातला तुकडा दाखवला. त्याने चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाशी धरला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "केस कुणाचे आहेत रे याचे?" आणि स्वतःच्या टकलावरून एक हात फिरवला.

"टोप आहे."

"हं. चांगला बसलाय. जिंकलं कोण?"

"मार्सियानो. तेराव्या फेरीत नॉकआउट."

मामा ताडकन उठला. मामीने बशी उचलली. "तेरावी? अरे, १९५२ ला फिलाडेल्फियात वॉलकॉटलाही तेराव्याच फेरीत! मार्सियानो गुणांवर मागे होता, आणि एकच उजवा, हा असा..." पडदा हलला. "कॉम्प्युटरला अक्कल होती म्हणायची."

तो पुरता खाली बसेपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं की युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकतो.

मामाने फोन माझ्या हातात दिला, चहाचा घोट घेतला, आणि खातं उघडायला आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघत विचारलं, "कुठला अली? सहासष्टचा की चौऱ्याहत्तरचा?"