तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या लांब, बदलापूरला का?

ऑफिसात नवीन कुणी आलं की हा प्रश्न येतोच. "रोज बदलापूरहून? त्यापेक्षा जवळ कुठेतरी भाड्याने का नाही राहत?" आजवर "तिकडची हवा छान आहे" म्हणून वेळ मारून नेली. हवा छान आहे, खोटं नाही. पण हवेसाठी कुणी वीस वर्षांचं कर्ज काढत नाही.

भाड्यानेच राहत होतो, मुलुंडला. करार अकरा महिन्यांचा. (महाराष्ट्रात भाडेकरार कितीही मुदतीचा असो, नोंदवावाच लागतो, तरी अकराचा आकडा काही सुटत नाही.) २०१६ला लेकीची दहावी. जानेवारीत मालकांचा फोन: जागा विकायचीय, मार्चअखेर सोडा. परीक्षा मार्चमध्येच होती. एप्रिल तरी द्या म्हटलं, तर "बघू" म्हणाले आणि एजंटला आमचा नंबर देऊन मोकळे झाले.

मग संध्याकाळी माणसं जागा बघायला यायला लागली, चपला घालूनच. कुणी ओट्याखालचं दार उघडायचं, कुणी आमच्यादेखत आमचं कपाट कुठे हलवता येईल ते ठरवायचं. एकदा लेक भूमिती करत बसली होती. एक बाई आत गेल्या, टेबल जरा सरकवून भिंतीला हात लावला आणि तिलाच विचारलं, "ओल येते का गं?" ती म्हणाली, "हो, पावसाळ्यात. कपाटामागे जास्त." खरंच यायची. बाई गेल्या. एजंट मागे थांबला. "ताई, मुलीला जरा समजवा, गिऱ्हाईक तुटतं." लेकीने माझ्याकडे पाहिलं. "मग काय सांगायचं?" मी म्हटलं, तू कुणाशी काही बोलू नकोस. दुसऱ्या दिवसापासून बेल वाजली की ती वह्या उचलून जिन्यात जाऊन बसायची. भाडं आम्ही पाच तारखेच्या आत भरत होतो, तेव्हाही.

पुढच्या वर्षी बदलापूर.

डोंबिवलीत आणखी स्वस्त दाखवत होते, पण ओसीचं (भोगवटा प्रमाणपत्राचं) विचारलं की बिल्डरचा माणूस विषय बदलायचा. पुढे तिथल्या बनावट परवानग्यांच्या ६५ इमारतींचं प्रकरण हायकोर्टात गेलं, तेव्हा त्या घरांतले लोक टीव्हीवर रडताना पाहिले. त्यांना 'चौकशी करून घ्यायचं ना' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बदलापुरातही पश्चिमेला, उल्हास नदीकडे, त्याच पैशांत मोठी खोली मिळत होती. ह्यांना ती आवडली होती. मला २००५चा पूर आठवत होता. पूर्वेला घेतलं, लहान. जुलै २०१९मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवासी बोटींतून काढले, तेव्हा आमच्या जिन्यापर्यंत पाणी आलं नाही. ट्रेन मात्र बंद होत्या. म्हणजे घर कोरडं आणि नोकरीवर जायला रस्ता नाही.

हे मान्यच आहे. सीएसएमटी ६८ किलोमीटर. लोकल बदलापुरातूनच सुटते, तरी बसायला मिळेल असं नाही. अंबरनाथच्या बायका बदलापूरला येणाऱ्या गाडीतच चढून, रिटर्न बसून आलेल्या असतात. कल्याणपासून तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची मंजुरी २०१९ची, आम्ही अजून जुन्या दोन मार्गांवरच. बारवी धरण इथलं, त्याचं पाणी ठाणे, मिरा-भाईंदरपर्यंत जातं, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचीच चर्चा.

तेव्हा मी तावातावाने सांगायचे, आता आपल्याला कुणी ऊठ म्हणणार नाही. पण हप्ते थकले तर बँक म्हणेलच की. आणि प्रवासात गेलेल्या वेळाचा हिशेब मी मुद्दाम करत नाही. भाड्याने राहणारे मूर्ख असतात असंही मी एके काळी म्हणत असे. ते आता म्हणवत नाही. पण "जवळ भाड्याने राहा" हा सल्ला देणाऱ्याच्या भिंतीला परक्या माणसाने हात लावून पाहिलेला असतो का, एवढं मात्र विचारावंसं वाटतं.

लेक आता ठाण्यात नोकरीला. मैत्रिणींबरोबर मुलुंडला जागा बघतेय, अकरा महिन्यांच्या करारावर. डिपॉझिटमधला वाटा मी देणार नाही म्हटलंय. देईन बहुतेक.