तुती कुठं लावायची

गेल्या दिवाळीनंतर आमच्या परड्यातली तुती तोडावी लागली. आठ वर्षांचं झाड. हौदाला तडा गेला म्हणून गवंड्यानं बाजूची माती उकरली, तर फटीतून हळदीच्या रंगाच्या मुळ्या आत शिरलेल्या. तुतीची मुळं अशीच पिवळी-नारिंगी असतात, लगेच ओळखू येतात. दोष झाडाचा नव्हता. न्हाणीचं पाणी आपोआप मिळेल म्हणून हौदापासून चार फुटांवर मीच ते लावलं होतं.

तोडायच्या आधी पेन्सिलीएवढ्या जाड, चार-चार डोळ्यांच्या बारा कांड्या काढून पिशव्यांत खोचल्या. मला कांडीचंच झाड हवं होतं. तुतीत काही झाडं नुसती नरफुलांची निघतात, त्यांना फळ धरत नाही. फळ देणाऱ्या झाडाची कांडी लावली की ती धास्ती राहत नाही. सात कांड्या जगल्या. मग मी मृगापर्यंत जागा बघत राहिले.

जुन्या झाडाची जागा मी मे महिन्यात ठरवली होती, आणि चुकले ती तिथंच. मेच्या सुरुवातीला आमच्या तासगावकडं सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. घराच्या उत्तरेचं परडं तेव्हा सगळं उन्हात दिसतं. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला कलतो आणि दुपारी बारालासुद्धा बारा फुटी भिंतीची सावली दहा फूट पडते. तुतीला फळ येतं माघ-फाल्गुनात. त्याआधीचे ऐन थंडीचे दिवस आमचं झाड सावलीत काढायचं. छाटून पुरुषभर उंच ठेवलेलं, त्यामुळं त्याला भिंतीच्या वर डोकं काढता यायचं नाही. पानं तळहाताएवढी, फळं मोजकी.

म्हणून या खेपेला डिसेंबरातच चुन्याची फक्की घेतली आणि सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला सावलीच्या कडेनं रेघा ओढल्या. रेघांच्या बाहेर तीन जागा उरल्या.

पहिली खालच्या अंगाची, काळ्या मातीची. दोन फूट खड्डा घेऊन दोन घागरी पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच. अशा जागी पावसाळ्यात मुळं कुजतात. ती सोडली.

दुसरी जागा पूर्वेच्या बांधावरची. माती मुरमाड, ऊन दिवसभर. ह्यांना तीच पसंत होती. पण बांधापलीकडं भाऊजींची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की माल निघेपर्यंत औषध फवारायचा ब्लोअर चालू असतो, आणि थंडीत आमच्याकडं वारं पूर्वेचं. फवारा सरळ झाडावर येणार. तुतीच्या फळाला सोलायला साल नाही, जरा चोळून धुतलं की हातातच फुटतं. पोरं तर झाडाखाली उभी राहून तोंडात टाकतात. त्या जागेला मी ठाम नाही म्हटलं. भाऊजींनाही ते लगेच पटलं.

उरली घराच्या पश्चिमेची, अंगणातली जागा. बागेच्या आणि झाडाच्या मधे अख्खं घर. भिंत वीस फुटांवर, खाली पाइप नाही, खड्ड्यातलं पाणी तासाभरात जिरलं. फक्त तिथं आत्याबाईंची वाळवणाची तार होती, लग्न होऊन आले तेव्हापासूनची.

"हितं झाड आलं की पाखरं येणार," त्या म्हणाल्या, "आन् माझी लुगडी जांभळी व्हणार."

त्यांचं खरंच होतं. बुलबुल, साळुंक्या, कोकीळ, सगळ्यांना तुती लागते, आणि त्यांच्या विष्ठेचा डाग खळीच्या पांढऱ्या कापडावरून काही केल्या जात नाही. दोन दिवस मी त्यांच्यापाशी विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "तार माझी परड्यात बांध. तिथं आता झाड न्हाई. सावलीत वाळली तर रंग तरी ऱ्हाईल."

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, माती गुडघाभर खोल ओली झाली, तेव्हा सातांतली सगळ्यांत जोमदार कांडी लावली. भोवती बाभळीचं काटं रोवलं, कारण शेळीला तुतीचा पाला दिसला की ती दुसरं काही बघत नाही. बाकीच्या सहा गल्लीत वाटल्या, प्रत्येकीला आधी हौद कुठं आहे ते विचारून.

आज श्रावणातलं ऊन पडलंय. कांडीला नऊ पानं आहेत, आणि मागं परड्यात जुन्या बुंध्याच्या वर आत्याबाईंचं लुगडं वाळतंय.