कमानीखालची गर्दी

रविवारी सकाळी नागपूरच्या महाल भागात गांधी गेटसमोर चित्रकलेची पोरं वह्या घेऊन बसतात. बहुतेकांची पेन्सिल आधी कमानीकडेच वळते. भोसल्यांच्या काळातला हा जुम्मा दरवाजा, जागचा हलत नाही, त्यामुळे काढायला सोयीचा. माणसांचं तसं नाही. दुपट्ट्यात तोंड गुंडाळून स्कूटीवरून निघालेली पोरगी कागदावर उतरेपर्यंत बडकस चौकात पोचलेली असते. मग माणसं एकतर गळतात, नाहीतर शेवटी कोपऱ्यात चार काड्या उभ्या राहतात.

ही परंपरा जुनीच. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७८६ ते १७९३ या काळात हिंदुस्थानभर फिरले आणि पुढे विलायतेत त्यांनी १४४ रंगीत चित्रं छापली. देवळं, किल्ले, घाट. काम देखणं, त्यात वाद नाही. पण पायथ्याची माणसं बऱ्याचदा गोपुर किती उंच आहे ते कळावं एवढ्यापुरती.

परवा एका मुलीनं उलटंच केलं. तिनं आधी पोह्यांचा ठेला मांडला: तर्रीचं पातेलं, त्याच्या काठावर लोंबणारा डाव, चिरलेल्या सांबारावर (म्हणजे कोथिंबिरीवर) टाकलेलं ओलं फडकं, आणि बशी तोंडाशी नेऊन तर्री ओढणारा एक ऑटोवाला. कमान मागे, दोन-तीन रेघांत. ठेलेवाला वाकून बघत म्हणाला, “माहा ठेला गेटापेक्षा मोठा केला जी तुमी!” आणि खुशीत तिच्या बशीत चण्यांचा आणखी एक डाव पडला. (मला मात्र मागूनही मिळाला नाही.)

आता कुणीतरी हायकोर्टही असंच काढावं. हेन्री मेड या वास्तुविशारदाची ती घुमटाची इमारत १९४० साली सुरू झाली. तिची चित्रंही सुट्टीच्या दिवशीची, पायऱ्या मोकळ्या, चिटपाखरू नाही. कोर्ट चालू असलेल्या दिवशी बाहेर उभं राहा. काळा कोट हातावर टाकून पळणारे वकील, झेरॉक्सच्या दुकानाशी उडालेली झुंबड, डब्याची पिशवी आणि फाईल एकाच काखेत धरून बसलेले वाशिमचे कुणी काका. घुमट कागदात मावला नाही तर राहू द्या. तो उद्याही सापडेल. काका मात्र पुढची तारीख मिळाली की तीनच्या एसटीनं जातील.